मागच्या जन्मीचा शेतकरी: पुनर्जन्म आणि निवांत शेतीवर पहिली क्रमशः कादंबरी कशी लिहावी

ऑफिसात राबून राबून थकलेला माणूस मरतो, दुसऱ्याच जगात जन्माला येतो, आणि तिथे ना लढाया करतो ना सिंहासनावर बसतो. तो शेती करतो. जपानी वेब कादंबऱ्यांमधला हा प्रकार आता आपल्याकडेही आवडीने वाचला जातो. २००४ साली सुरू झालेल्या 'शोसेत्सुका नि नारो' या जपानी संकेतस्थळावर हौशी लेखक प्रकरणामागून प्रकरण टाकत गेले आणि त्यातून हा प्रकार फोफावला. पुण्यात बसून तो वाचणाऱ्या बऱ्याच जणांच्या मनात येतं की असं काही मराठीत लिहावं. मी लिहिलं आहे, अजून लिहितो आहे, आणि नव्याने सुरुवात करणारे कुठे अडतात हेही पाहतो आहे. म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधीच सांगतो, बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. पुनर्जन्मावर वाचक एका ओळीत विश्वास ठेवतो, चुकीच्या पेरणीवर ठेवत नाही. आपल्याकडे नातू झाला की 'आजोबाच परत आले' असं म्हणणारी माणसं घरोघरी आहेत. मुक्ती नको, पुन्हा जन्म दे, असं देवाला सांगणारी वारकऱ्यांची परंपरा तर पुण्याच्या रस्त्यांवरून दर वर्षी चालत जाते. त्यामुळे जन्म कसा मिळाला हे पटवण्यात शक्ती घालवू नका, ती शेतीसाठी राखून ठेवा.

सुरू करण्याआधी हे जवळ असू द्या

- एक पंचांग किंवा कालनिर्णय, ज्या वर्षात गोष्ट घडते त्याच वर्षाचं असेल तर उत्तम
- राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची 'कृषिदर्शनी' (पिकं, वाण, पेरणीच्या वेळा, खतांच्या मात्रा, सगळं मराठीत)
- निवडलेल्या तालुक्याचा नकाशा
- फोनवर किंवा संगणकावर युनिकोड मराठी कळफलक
- एक जाड वही, फक्त घरातली नाती आणि शेताचे तपशील लिहायला
- गावाकडचं एक माणूस, ज्याला संध्याकाळी फोन करून 'आत्ता रानात काय चाललंय?' असं विचारता येईल

यातलं शेवटचं नसेल तर लिखाण महिनाभर थांबवा आणि आधी ते माणूस शोधा. बाकी सगळं विकत मिळतं.

१. नायक कुठे जन्मणार ते ठरवा

तीन वाटा आहेत. पहिली म्हणजे परकं जग. तिथे दोन चंद्र असोत की बोलणारे बैल, तुम्हाला मोकळीक आहे. पण मातीचे नियम बदलायचे असतील तर ते आधी ठरवून ठेवा. आपल्या जगात द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरून ठेवतात, म्हणून हरभऱ्यानंतरचं पीक जोमदार येतं. तुमच्या जगात तसं होत नसेल तर काय होतं, हे दहाव्या प्रकरणात आठवून चालणार नाही.

दुसरी वाट भूतकाळाची. दिसायला सोपी आणि सर्वांत जास्त माणसं बुडवणारी. देवगिरीच्या यादवांच्या काळात जन्मलेला नायक बाजरीच्या भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा खाताना मी वाचला आहे. मिरची, बटाटा, टोमॅटो, भुईमूग ही सगळी अमेरिका खंडातली पिकं, पोर्तुगीज समुद्रमार्गाने आल्यानंतर आपल्याकडे पोचलेली. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ मध्ये. त्याआधीच्या स्वयंपाकघरात तिखटपणा मिरी, पिंपळी आणि आल्याचा. मात्र ज्वारी, बाजरी, नाचणी, तूर, हरभरा, तीळ, जवस, ऊस आणि गूळ खुशाल घ्या. फार मागे न जाता १९५० च्या आसपास गेलात तरी जपून. नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ ला. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आणि किलो-लिटरऐवजी शेर, पायली, मण.

तिसरी वाट आजच्या गावाची, आणि नवोदितांना मी हीच सुचवतो. जुना शेतकरी आजच्या पुणे जिल्ह्यात, शक्यतो स्वतःच्याच घरात, पणतू म्हणून जन्मतो. त्याला सगळं ओळखीचं वाटतं आणि काहीच ओळखीचं नसतं. १९४० साली गेलेल्या माणसाने बांधावर पांढऱ्या बारीक फुलांचं गाजर गवत पाहिलेलंच नसणार. भारतात ते पहिल्यांदा लक्षात आलं १९५० च्या दशकात, आणि तेही पुण्यातच. आज ते प्रत्येक रिकाम्या प्लॉटवर आहे. 'हे कसलं नवं तण?' असं तीन वर्षांच्या पोराने विचारणं, एवढ्यावर एक अख्खं प्रकरण उभं राहतं.

२. नुसतं 'गाव' नको, तालुका सांगा

'एका हिरव्यागार गावात' असं लिहिलंत की शेतीशी नाळ असलेला वाचक तिथेच उठून जातो. पुणे जिल्हा एकसारखा नाही. पश्चिमेला मावळ, मुळशी, भोर, वेल्हे (२०२४ पासून राजगड तालुका): घाटमाथ्याचा धो धो पाऊस आणि भात. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आलेला इंद्रायणी इथलाच, आणि मुळशीचा आंबेमोहोर तर भौगोलिक मानांकन मिळालेला. उत्तरेला जुन्नर-आंबेगाव: नारायणगावचा टोमॅटो, द्राक्षबागा, ओतूरचा कांदा, सातगाव पठारचा बटाटा. दक्षिणेला पुरंदर: अंजीर, सीताफळ, वाटाणा, आणि पाण्याची कायमची ओढ. पूर्वेला बारामती, इंदापूर, दौंड: कालव्याच्या पाण्यावर ऊस, आणि जिरायती पट्ट्यात डाळिंब, ज्वारी, बाजरी.

सावकाश, निवांत गोष्टीला मावळ चांगला, कारण भाताची कामं पाऊस आणि माणसं सगळ्यांना एका चिखलात आणतात. गमतीजमतीला पुरंदर चांगला, कारण पाणी कमी असलं की माणसं जास्त बोलतात. हे माझं मत. तुमचं आजोळ इंदापूरला असेल तर ते सोडून मावळात जाऊ नका.

३. मरण एका परिच्छेदात उरका

हिंजवडीच्या रस्त्यावरचा अपघात, पहाटे तीनला लॅपटॉपवर टेकलेलं डोकं, देवाच्या कचेरीतला कारकून: हे सगळं वाचकाने वाचलेलं आहे. पाच-सहा वाक्यं पुरेत. देव भेटलाच तर त्याने एकच विचारावं आणि नायकाने एकच मागावं. गुणांचे तक्ते, पातळ्या, जादूच्या क्षमता यांची यादी पहिल्याच प्रकरणात देऊ नका. नायकाला एखादी क्षमता द्यायचीच असेल तर ती शेतावर उपयोगी आणि मर्यादित असू द्या. उदाहरणार्थ, त्याला मातीची ओल हाताला कळते. पाऊस पाडता आला की गोष्ट संपली.

४. घरातली नाती वहीत मांडा

खरा हशा आणि खरी माया इथे आहे, म्हणून इथे वेळ द्या.

समजा तुमचा नायक १९८५ साली साठाव्या वर्षी गेला आणि आज स्वतःच्याच घरात पणतू म्हणून वाढतो आहे. तेव्हा वीस वर्षांचा असलेला त्याचा धाकटा मुलगा आता घरातला आबा. ज्याला खांद्यावर बसवून जत्रेत नेलं त्याला आता 'अहो आबा' म्हणायचं. नातू आता 'बाबा' झाला आणि नातसून 'आई'. बोलताना जीभ कुठे घसरेल, याचा तक्ता आधी करून ठेवा: मनात कोणाला कसं हाक मारतो आणि तोंडाने कशी मारावी लागते. चिडला की तो आबांना 'अरे गाढवा' म्हणणार, आणि स्वयंपाकघरातून आईचा धपाटा बसणार. हे विनोद शोधावे लागत नाहीत, नात्यातच पडलेले असतात.

आणि समजा त्याची बायको अजून आहे. नव्वदीची, ओसरीवर बसलेली, कमी ऐकू येणारी. पोरगं तिला 'पणजी' म्हणतं. तिच्या चहात साखर किती लागते हे त्याला न सांगता माहीत आहे. इथे घाई करू नका, आणि चमत्काराचा उलगडाही करू नका. तिला कळलं आहे की नाही हे वाचकालाही नक्की कळता कामा नये. हलकीफुलकी कादंबरी याचा अर्थ जड काही नसतंच असा नाही. जडाला मोठा आवाज द्यायचा नाही, इतकंच.

संवाद गावचे ठेवा, पण प्रत्येक शब्द बोलीत मोडू नका, वाचायला अडखळतं. उदाहरण म्हणून शिरूरकडच्या बाजरीच्या रानातला हा तुकडा पाहा (वाफसा म्हणजे पावसानंतर जास्तीची ओल उतरून माती पेरणीजोगी होणं, पाभर म्हणजे पेरणीचं अवजार):

"आबा, आज नको. वाफसा न्हाई आजून."

आबांनी पाभर तशीच धरून ठेवली. "कुणी शिकिवलं रं तुला?"

पोरानं मूठ उघडून दाखवली. दाबलेला मातीचा गोळा तसाच होता, ओला, बोटांचे ठसे उमटलेला. त्यानं तो बांधावर टाकला. गोळा चपटा झाला, फुटला नाही.

यात कुठेही 'मागचा जन्म' हे शब्द नाहीत. शेती जाणणाऱ्याला मात्र लगेच कळतं की चार वर्षांच्या पोराला हे ठाऊक असायला नको.

५. प्रकरणं नक्षत्रांवर बसवा

कथानक कुठून आणायचं हा प्रश्न नव्यांना फार छळतो. पावसाच्या नक्षत्रांकडून आणा. मृग लागतो ७-८ जूनच्या सुमारास. तिथून आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा आणि स्वाती. ही अकरा नक्षत्रं, प्रत्येक साधारण तेरा-चौदा दिवसांचं, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ. आठवड्याला एक प्रकरण टाकलंत तर एका नक्षत्राला दोन प्रकरणं येतात आणि बावीस प्रकरणांचा पहिला भाग आपोआप आखला जातो. गावाकडे पुनर्वसूच्या पावसाला 'तरणा' आणि पुष्याच्या पावसाला 'म्हातारा' म्हणतात. अंगाने पोर आणि मनाने म्हातारा असलेल्या नायकासाठी याहून चांगली लागोपाठची दोन शीर्षकं मिळणार नाहीत.

प्रत्येक नक्षत्राखाली वहीत तीन रकाने करा: रानात काय, घरात काय, सण कोणता. भाताचा तालुका असेल तर रानाचा रकाना असा भरेल: उन्हाळ्यात राब भाजणं (रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळणं), मृगात रोप टाकणं, जुलैत चिखलणी आणि लावणी, मग बेणणी (तण काढणं), ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी आणि झोडणी. इंद्रायणी तयार व्हायला साडेचार महिन्यांच्या आसपास लागतात. लावणीनंतर चार प्रकरणांत भात झोडायला घेतलात तर वाचक पत्ररूपाने भेटायला येतील.

सगळ्यांत जास्त दिसणाऱ्या चुका अशा:

पाऊस पडला की लगेच पेरणी. जमीन पुरेशी भिजली पाहिजे (कृषी खातं ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका म्हणतं) आणि वर वाफसाही यायला हवा. घाई झाली आणि पावसाने ओढ दिली की दुबार पेरणी. हे संकट तुमच्या कथेला आयतं मिळतं, ते फुकट घालवू नका.

बैलपोळ्याची तारीख. सगळीकडे श्रावण अमावास्येला पोळा नसतो. जुन्नर-आंबेगावकडे तो भाद्रपदात होतो. निवडलेल्या गावात कधी असतो ते विचारूनच लिहा.

हुरडा पावसाळ्यात. रब्बी ज्वारी पेरली जाते सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. कोवळा हुरडा डिसेंबरच्या अखेरीपासून पुढे, थंडीत.

शहरी नायक गावाला ठिबक शिकवतो. हे तर नकोच. नारायणगावचा द्राक्ष बागायतदार निर्यातीच्या मालात औषधाचा अंश किती चालतो हे तोंडपाठ सांगतो. तुमच्या नायकाने तिथे शिकायला जावं. त्याच्याकडे द्यायला काही असेलच तर ते जुनं असू द्या: बुजलेल्या आडाची जागा, कुठल्या बांधाखाली पाझर आहे, कोणत्या आंब्याची कोय कोणी कुठून आणली होती.

६. शेतावर जाऊन या

पुण्यात राहण्याचा मोठा फायदा हा की शेत लांब नाही. जुलैत लोणावळा लोकल पकडून कान्हे किंवा कामशेतला उतरा, रुळांच्या दोन्ही बाजूंना लावणी दिसते. बांधावर उभे राहून पाहा, कोणी हाक मारली तरच बोला. त्या दिवसांत कोणाला वेळ नसतो. चिखलात पाय कुठवर जातो, रोपांची जुडी एका हातात कशी धरतात, पाठ किती वेळाने सरळ करतात, इरलं किंवा प्लास्टिकचा कागद डोक्यावर कसा बांधलाय, एवढं टिपलंत तरी दोन प्रकरणं झाली.

भाव आणि व्यापाराचा भाग असेल तर गुलटेकडीचं मार्केट यार्ड पहाटे पाहा. जुनी घरातली भांडी, अडकित्ते, दिवे, कुलपं यांसाठी शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय. नायकाने मागच्या जन्मी हाताळलेली एखादी वस्तू तिथल्या काचेमागे दिसली, असा प्रसंग मी अजून कोणाच्या कादंबरीत वाचलेला नाही. हवा तर घ्या. डिसेंबरात मोशीला भरणारं किसान प्रदर्शन आजच्या अवजारांसाठी उपयोगी.

अवजारांची नावं मात्र गावातल्या माणसाकडून पक्की करून घ्या. कुळव, पाभर, कोळपं, खुरपं ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. नांगरट झाल्यावर कुळवणी, पेरणीला पाभर, पीक वर आल्यावर दोन ओळींमध्ये कोळपणी.

७. सातबारा वाचायला शिका

आजच्या काळातली गोष्ट असेल तर हे टाळता येत नाही, आणि यात कथेला भरपूर मिळतं. महाभूलेख या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर विनास्वाक्षरीत सातबारा (शेतजमिनीचा उतारा) मोफत पाहता येतो. आधी नात्यातल्या कोणाचा तरी उतारा पाहा: भोगवटादारांची नावं, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, फेरफार क्रमांक, पिकांची नोंद. गावात लोक बोलतात गुंठ्यात. १ गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि ४० गुंठ्यांचा एकर.

माणूस गेला की वारसनोंद होते आणि त्याच्या नावाला कंस पडतो. आता तुमचा नायक दहा वर्षांचा झाल्यावर जुन्या उताऱ्यावर स्वतःचंच नाव कंसात वाचतो, हा प्रसंग लिहून पाहा. आणि शहरातला कोणी 'चला, गावाकडे दोन एकर घेऊ' म्हणत असेल तर लक्षात ठेवा की महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहजासहजी विकत घेता येत नाही. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याचं कलम ६३ आडवं येतं. म्हणून नायकाला शेतकरी घरात जन्माला घालणं सगळ्यात सोपं.

८. संकट बेतानं ठेवा

या प्रकारात खलनायक लागत नाही. बांधाचा वाद, मोटारीची रात्रपाळीची वीज, कांद्याचा पडलेला भाव, गाय व्यायला झालेली रात्र, एवढं पुरतं. प्रत्येक प्रकरणात एकच अडचण आणि शक्यतो त्याच प्रकरणात तिचा निचरा. दुष्काळ आणि कर्ज या गोष्टी गावात आहेत, त्या पुसून टाकू नका. पण त्यांना नुसत्या शोभेला आणू नका. आणलंत तर पूर्ण न्याय द्या, नाहीतर बाजूच्या घरात ठेवा आणि तुमच्या माणसांना तिथे डबा घेऊन पाठवा.

९. टाइप करा, साठवा, मग टाका

युनिकोडमध्येच लिहा. डीटीपीच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर ऑनलाइन टाकला की निरर्थक अक्षरं दिसतात. बोलून टाइप करणार असाल तर शेतीचे शब्द हमखास चुकतात. 'वाफसा' आणि 'पाभर' दर वेळी तपासा.

एक प्रकरण बाराशे ते पंधराशे शब्दांचं ठेवा. सहा प्रकरणं लिहून तयार झाल्याशिवाय पहिलं टाकू नका, कारण लग्नसराई, आजारपण, ऑफिसची धावपळ यातलं काहीतरी येतंच. वार एकच ठरवा. प्रतिलिपी, मातृभारती यांसारख्या ठिकाणी मराठीत भागांची मालिका टाकता येते. तिथे खातं उघडण्याआधी अटी शेवटपर्यंत वाचा. तीच कादंबरी दुसरीकडे टाकता येईल का, पुस्तक आणि ध्वनिरूपाचे हक्क कोणाकडे राहतात, हे दोन मुद्दे शोधा आणि नाही सापडले तर लेखी विचारा.

जपानी कादंबरीची कल्पना आवडली म्हणून प्रसंग आणि वाक्यं उचलू नका. पुनर्जन्म आणि शेती ही कल्पना सगळ्यांची आहे, शब्द ज्याचे त्याचे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तुमच्या मजकुराचा हक्क लिहिताक्षणीच तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. करायची असेल तर नमुना १४ भरून ऑनलाइन अर्ज करता येतो. साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये आहे, आणि अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. पहिला भाग पुरा झाल्यावर केली तरी चालते.

शेतकरी वाचक चुका दाखवतील. त्यांना त्याच दिवशी उत्तर द्या, प्रकरण दुरुस्त करा आणि तळाला त्यांच्या परवानगीने आभार माना. तीच माणसं पुढे तुमची पक्की वाचक होतात आणि न विचारता रानातले फोटो पाठवतात.

स्वाती संपली की पहिला भाग थांबवा, मध्येच ताणू नका. रब्बीची ज्वारी तोवर वर आलेली असते. दुसरा भाग जानेवारीत हुरड्यापासून सुरू करा, आणि मधल्या दोन महिन्यांत पुन्हा सहा प्रकरणं हाताशी ठेवा.